पोलिसांना गोळी झाडायचा वेगळा हक्क असतो का?

हर्षल_नि

चकमकीच्या बातम्या वाचताना एक गोष्ट फार दिवस खटकतेय. शहर कुठलंही असो, आरोपी कुणीही असो, प्रेसनोट तीच. आरोपीने पिस्तूल हिसकावलं, पोलिसांवर गोळी झाडली, पोलिसांनी आत्मसंरक्षणार्थ प्रत्युत्तर दिलं, रुग्णालयात नेण्यापूर्वीच मृत्यू. त्यातलं खरं किती नि खोटं किती, हा वाद इथे नको. त्यावर हाणामारीचे धागे पुष्कळ झालेत.

माझा प्रश्न साधा आहे. माझ्यावर कुणी कोयता घेऊन धावून आलं आणि झटापटीत माझ्या हातून तो मेला, तर मला बचाव आहे हे ठाऊक आहे. पण अधिकारी गणवेशात, सरकारी हत्याराने माणूस मारतो तेव्हा तो नेमका कुठल्या कलमाखाली सुटतो? त्याचा हक्क माझ्यापेक्षा मोठा आहे का? आरोपी नुसता पळत असेल तर? आणि जमावावर गोळीबार होतो तिथे तर गोळी लागणाऱ्याने दगड उचललेला असतोच असं नाही. जाणकारांनी लिहा.

खडूस_खविस

ज्यांनी लहान पोरींवर हात टाकला त्यांना गोळी घालताना कलम कशाला बघायचं? वर्षानुवर्षं तारखा घेण्यापेक्षा हे बरं. चालू द्या तुमचं.

मृण्मयी

वाचतेय. (खविसराव, पहिल्याच चेंडूवर उंच फटका?)

ॲड_वरदा

हर्षल, जरा सविस्तर लिहिते, कारण या विषयात ऐकीव फार फिरतं.

पोलिसाला माणूस मारायचा सरसकट परवाना देणारं एकही कलम आपल्याकडे नाही. चकमकीनंतर जो बचाव घेतला जातो तो तुमचा-माझा असतो तोच, खासगी बचावाचा हक्क. जुन्या दंड संहितेत कलम ९६ ते १०६, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४. त्यातलं ३८ म्हणतं की समोरच्या हल्ल्यातून मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तर बचाव करताना जीव घेण्यापर्यंत जाता येतं. ३७ लगेच लगाम घालतं: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. माणूस जायबंदी होऊन पडला, हत्यार हातातून गेलं, की तुमचाही हक्क संपला आणि पोलिसाचाही.

पोलिसांना जादा काही मिळतं ते अटकेच्या वेळी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम ४३ (जुनं ४६): आरोपीने अटकेला विरोध केला किंवा निसटायचा प्रयत्न केला तर अटकेसाठी आवश्यक ते सगळे उपाय योजता येतात. मात्र फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्या माणसाचा मृत्यू घडवायचा अधिकार या कलमाने मिळत नाही.

खुनाच्या कलमात (न्याय संहिता १०१) आणखी एक अपवाद आहे. लोकसेवकाने सद्भावनेने, मनात आकस नसताना, कर्तव्यासाठी कायदेशीर आणि आवश्यक समजून अधिकार ओलांडले आणि त्यात माणूस मेला, तर तो खून धरला जात नाही, सदोष मनुष्यवध धरला जातो. म्हणजे सुटका नाहीच, शिक्षा कमी.

जमावाचं प्रकरण निराळं आहे. त्यावर खात्यातल्या कुणीतरी लिहिलेलं बरं.

निनाद_के

>> फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्या

म्हणजे तसा आरोप असेल तर पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालता येते? आणि जन्मठेप नक्की कशाकशाला आहे?

ॲड_वरदा

निनाद, बरोबर जागी बोट ठेवलंत. शब्दशः वाचून तसा अर्थ काढणारे आहेत. ही तरतूद १८९८ च्या संहितेत होती, १९७३ मध्ये जशीच्या तशी आली, आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही राहिली.

आता जन्मठेपेची यादी बघा. खून, दरोडा वगैरे आलंच. पण बनावट मृत्युपत्र करण्यालाही जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे (न्याय संहिता ३३८). सरकारी नोकराने किंवा बँकरने ताब्यातल्या पैशांचा अपहार केला तर त्यालाही (३१६, पोटकलम ५). म्हणजे कागदावर, खोटं मृत्युपत्र करून मागच्या खिडकीतून उडी मारणारा कारकून आणि बंदूक घेऊन पळणारा दरोडेखोर एकाच रांगेत उभे.

माझ्या मते आजचं कुठलंही न्यायालय हे मान्य करणार नाही. एक तर ते कलम अमुक अधिकार मिळत नाही एवढंच सांगतं, उरलेल्यांना मारायचा अधिकार देत नाही. शिवाय 'आवश्यक' ही अट आहे आणि डोक्यावर संविधानाचं कलम २१, जगण्याचा हक्क, आहे. ओम प्रकाश विरुद्ध झारखंड (२०१२) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की आरोपी कुख्यात आहे एवढ्यावरून त्याला ठार करणं हे पोलिसांचं कर्तव्य ठरत नाही; त्याला पकडून खटल्यापुढे उभं करणं हे कर्तव्य. आता याच निकालाचा दुसरा अर्धा भाग चकमकींवर टीका करणारे सांगत नाहीत. सरकारी नोकरावर खटला भरायला लागते ती सरकारची मंजुरी नव्हती म्हणून त्या प्रकरणात पोलिसांवरची कारवाई रद्दच झाली होती.

बंडोपंत

आमच्या एका चुलत्यांना आजच निरोप धाडतो. मृत्युपत्राच्या केसमध्ये साहेब आले तर पळू नका, हात वर करून जागेवर उभे राहा.

निनाद_के

बंडोपंत =))

निवृत्त_फौजदार

वरदाताईंनी जमावाचा विषय आमच्यावर टाकला आहे, तर लिहितो.

बेकायदा जमाव पांगवायचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देतो, किंवा ठाणेदार, किंवा तो नसेल तर फौजदार आणि त्यावरचा अधिकारी. जुन्या प्रक्रिया संहितेचं कलम १२९, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४८. आधी भोंग्यावरून इशारा, मग लाठी, मग अश्रुधूर, आणि कशानेच भागलं नाही तर गोळी. लोकांना वाटतं आधी हवेत गोळीबार करायचा असतो. आम्हाला शिकवलं ते उलट. हवेत झाडलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, आणि ती गच्चीवर उभ्या असलेल्या बाईला लागते. नेम कमरेखाली, जो जमाव सर्वांत अंगावर येतोय त्याच्यावर. आणि 'फायर' म्हटलं की सगळ्यांनी घोडे दाबायचे नसतात. नाव घेऊन सांगायचं, अमुक शिपाई, एक राऊंड. झाडला की थांबायचं, जमाव हलतोय का बघायचं.

माझ्यावर ही वेळ एकदाच आली. एका तालुक्याच्या गावी जमावाने चौकी पेटवली, आत दोन शिपाई अडकले होते. तहसीलदार साहेब शेजारी उभे, त्यांनी तोंडी होकार दिला. गोळीबार झाला, एकाच्या मांडीला लागली, तो वाचला. जमाव पांगल्यावर आम्ही बॅटऱ्या घेऊन रस्त्यावर ओणवे. पुंगळ्या शोधायच्या होत्या. जितक्या गोळ्या झाडल्या तितक्या रिकाम्या पुंगळ्या शस्त्रागारात जमा कराव्या लागतात. सहा झाडल्या, पाच मिळाल्या. पहाटेपर्यंत गटारात हात घालून बसलो होतो. पुढे चौकशी सुरू झाली तेव्हा पहिला प्रश्न, जमाव किती होता, चौकी कशी पेटली, हा नव्हता. सहावी पुंगळी कुठे, हा होता.

तहसीलदारांना तोंडी होकार आठवेना. माझी बढती त्या फायलीखाली काही वर्षं दबली. तक्रार नाही, चौकशी व्हायलाच हवी. पण 'पोलिसांना सगळं माफ' म्हणणाऱ्यांनी एकदा त्या खुर्चीत बसून बघावं. आणि एक विनंती. बंदोबस्तातला गोळीबार आणि बेडीतल्या आरोपीला गाडीतून नेताना झालेली चकमक यांना एका मापाने मोजू नका. पहिल्याला शेकडो साक्षीदार असतात, दुसऱ्याला फक्त खात्यातलेच.

सानिका

काका, बाळबोध प्रश्न. आरोपी अंगावर आला तरी पायावर गोळी का नाही मारत?

निवृत्त_फौजदार

पळणाऱ्या किंवा झेपावणाऱ्या माणसाचा पाय ही हलती वस्तू आहे बाळ. सरावाच्या मैदानात उभ्या पुतळ्याच्या छातीवर नेम लागताना मारामार, तिथे रात्री, धापा टाकत, पिस्तूलने गुडघा कुठे लागायचा? चुकलेली गोळी मागच्या माणसाला.

डॉ_अमेय

त्यात भर. मांडीतून मोठी रोहिणी जाते. ती फुटली तर काही मिनिटांत रक्तस्रावाने माणूस जातो. कायद्याने काय म्हणायचं ते वकील सांगतील, पण वैद्यकीय दृष्टीने 'पायावर मारली' म्हणजे 'जिवावर बेतणार नव्हती' असं होत नाही.

अवांतर: उत्तर प्रदेशात पायावर गोळी मारून पकडण्याच्या चकमकींना 'हाफ एन्काउंटर' म्हणतात. बातम्यांमधल्या इतक्या गोळ्या नेमक्या पायालाच कशा लागतात, हे फौजदारकाकांच्या उत्तरानंतर मला जास्तच कोडं वाटायला लागलंय.

निवृत्त_फौजदार

डॉक्टर, या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. पेन्शन चालू आहे.

सातासमुद्रापार

इकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या, कायद्याबद्दल लिहितो, तुलना करता येईल.

१९७४ साली मेम्फिसमध्ये एडवर्ड गार्नर नावाचा १५ वर्षांचा मुलगा घरफोडीच्या संशयावरून पळत होता. अंगणाच्या टोकाला कुंपण होतं, त्यावर चढताना पोलिसाने मागून डोक्यात गोळी घातली. मुलाकडे हत्यार नसावं, असं आपल्याला बऱ्यापैकी वाटलं होतं हे त्या पोलिसानेच नंतर सांगितलं. गुन्हेगार पळू लागला तर अटकेसाठी आवश्यक ते सगळे उपाय करा, अशी टेनेसी राज्याच्या कायद्यात मुभा होती, म्हणून तो निर्धास्त होता. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की निःशस्त्र, धोकादायक नसलेल्या पळत्या माणसावर प्राणघातक बळ वापरणं घटनेत बसत नाही. त्याच्यापासून पोलिसाला किंवा इतरांना मृत्यूचा किंवा गंभीर इजेचा मोठा धोका आहे, असं मानायला सबळ कारण पाहिजे.

म्हणजे वरदाताईंनी सांगितलेलं आपलं ४३ वं कलम हे १९८५ पूर्वीच्या टेनेसीचं सख्खं भावंड. इकडे ते भावंड गेलं, आपल्याकडे नवा क्रमांक लावून नांदतंय.

पण इकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. १९८९ च्या ग्रॅहम निकालाने कसोटी ठरवली ती अशी: त्या क्षणी, त्या जागी असलेल्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेने बघा, नंतरच्या शहाणपणाने नको. ऐकायला रास्त आहे. पण काही न्यायालयांनी 'त्या क्षणी' याचा अर्थ गोळी सुटायच्या आधीचे दोन सेकंद असा केला. पोलीस स्वतःच चालत्या गाडीच्या फुटबोर्डावर उडी मारून चढला आणि मग 'गाडी चालू होती, जिवाची भीती वाटली' म्हणाला, तर फक्त ती भीती बघायची. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच प्रकरणात ही आखूड नजर एकमताने नाकारली. आधी काय काय घडलं तेही बघा म्हणाले. राज्यांचे कायदे आणखी वेगळे. वॉशिंग्टन राज्यात तर पोलिसाच्या मनात दुष्ट हेतू होता हे सिद्ध केल्याशिवाय त्याला शिक्षाच होऊ शकत नसे. २०१८ मध्ये मतदारांनी जनमत घेऊन ती अट उडवली.

खडूस_खविस

अमेरिकेचं कौतुक पुरे. माझ्या घरातल्या एका प्रकरणात आरोपी जामिनावर आहे. आमच्याच दारावरून हॉर्न वाजवत जातो. तारीख पडते, साक्षीदार येत नाही, पुढची तारीख. तुम्ही सगळे कलमं मोजता तेव्हा मला तो हॉर्न ऐकू येतो. लोक चकमकीवर टाळ्या का वाजवतात हे समजून घ्यायचं असेल तर आधी हे समजून घ्या.

मृण्मयी

खविस, हे वाचून वाईट वाटलं. राग रास्तच आहे.

पण हैदराबाद आठवा. ६ डिसेंबर २०१९ ची पहाट, बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी चकमकीत ठार. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकरांचा आयोग नेमला. २०२२ मध्ये अहवाल आला: गोळीबार जीव घेण्याच्याच हेतूने झाला, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा. आणि चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते असंही त्यात आहे. खटला झाला असता तर वय पहिल्या काही तारखांतच पुढे आलं असतं. मुख्य म्हणजे गुन्हा त्याच चौघांनी केला का, हे आता कुठलंही न्यायालय ठरवू शकणार नाही. उद्या तुमच्या प्रकरणात भलत्यालाच गोळी घातली आणि फाईल बंद केली, तर हॉर्न वाजवणारा तसाच फिरेल.

खडूस_खविस

हं.

ॲड_वरदा

सातासमुद्रापार, फुटबोर्डाचं उदाहरण झकास.

मुंबईचं सांगते. १९८२ मध्ये वडाळ्याला मन्या सुर्वे हा गुंड मारला गेला, तिथून मुंबईतल्या चकमकींची गोष्ट सुरू होते असं मानतात. नव्वदच्या दशकात त्याचं सत्रच झालं. १९९५ ते १९९७ या काळातल्या सुमारे ९९ चकमकी आणि १३५ मृत्यूंवरून पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने याचिका लावली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १६ सूचना दिल्या. टीप मिळाली तर ती लेखी नोंदवा. एफआयआर करून न्यायालयाला पाठवा. तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याकडे द्या. पोलिसांनी हत्यारं न्यायवैद्यक तपासणीसाठी जमा करावीत. शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी, चित्रीकरणासह. दंडाधिकारी चौकशी व्हावी. आणि शौर्याबद्दल शंका उरत नाही तोवर बढती नाही, पदक नाही. माझ्या मते यातली शेवटची सूचना सर्वांत मोलाची. चकमकींचे 'स्पेशालिस्ट' पोलीस तयार झाले ते कायद्यातल्या पळवाटेमुळे नाही, कौतुकामुळे.

आणि ज्यांना वाटतं की कुणाला कधी शिक्षा होत नाही, त्यांच्यासाठी लखनभैया या संशयित गुंडाचं प्रकरण. नोव्हेंबर २००६, वाशीहून उचललं, त्याच संध्याकाळी वर्सोव्याला चकमक. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी धरलं, त्यात १३ पोलीस. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने पोलिसांची शिक्षा तर कायम ठेवलीच, खाली निर्दोष सुटलेल्या बड्या अधिकाऱ्यालाही जन्मठेप सुनावली. याच प्रकरणात आरोपी पोलिसांच्या जामिनाच्या वेळी, २०११ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की 'वरून आदेश होता' हा बचाव चालणार नाही. बेकायदा आदेश नाकारणं हेच कर्तव्य. नाझी अधिकाऱ्यांवरच्या न्युरेम्बर्गच्या खटल्यांचा दाखला दिला होता.

बंडोपंत

>> 'वरून आदेश होता'

पण वरचे आदेश तोंडी असतात ना. आणि तोंडी आदेश आठवत नाहीत, हे फौजदारांनी सांगितलंच.

कोकणकडा

सैन्याला तर विशेषाधिकार कायद्यात थेट गोळी घालायची परवानगी आहे. मग 'एकही कलम नाही' कसं?

ॲड_वरदा

मी पोलिसांबद्दल बोलत होते. अफ्स्पाचं कलम ४ अशांत घोषित क्षेत्रापुरतं आहे, आणि तिथेही इशारा देणं आणि विशिष्ट परिस्थिती या अटी आहेत. मणिपूरमधल्या १५०० हून अधिक मृत्यूंच्या याचिकेवर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की तिथेही गणवेशाला सरसकट अभय नाही. याहून जास्त खोलात इथे नको, धागा वाहून जाईल.

संयोजक

पक्षीय राजकारणाचे तीन प्रतिसाद काढले आहेत. विषयाला धरून लिहावे.

दर्यावर्दी

ब्रिटनची दोन प्रकरणं सांगतो, कारण वर फुटबोर्डाचा मुद्दा आलाय.

१९८८, जिब्राल्टर, स्पेनला लागून असलेला ब्रिटिश प्रदेश. ब्रिटिश सैनिकांनी आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेच्या तीन जणांना भर रस्त्यात मारलं. त्यांच्याकडे बॉम्बचं रिमोट आहे असं सैनिकांना सांगितलं गेलं होतं. झडतीत ना रिमोट ना हत्यार. प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेलं आणि १९९५ मध्ये १० विरुद्ध ९ मतांनी निकाल लागला. न्यायालयाने सैनिकांना दोष दिला नाही. त्यांना जे सांगितलं होतं त्यावर त्यांचा प्रामाणिक विश्वास होता. दोष दिला तो आखणीला: सीमेवरच का अडवलं नाही, अंदाज हे पक्की माहिती म्हणून का सांगितले.

२००५, लंडन. बॉम्बस्फोटांनंतर दोन आठवड्यांनी जाँ चार्ल्स द मेनेझेस या ब्राझीलच्या तरुणाला स्टॉकवेल स्टेशनात, गाडीत, संशयित समजून डोक्यात गोळ्या घातल्या. एकाही पोलिसावर वैयक्तिक खटला झाला नाही. २००७ मध्ये लंडन पोलीस दलालाच दोषी धरलं, तेही कुठल्या कायद्याखाली? कामगारांच्या आणि जनतेच्या सुरक्षिततेचा, कारखान्यांना लागतो तो कायदा. एक लाख पंचाहत्तर हजार पौंड दंड.

म्हणून मला वाटतं घोडा दाबणाऱ्याच्या मनात काय होतं, यावरच सगळे अडकून बसतो. त्याला त्या जागी, त्या माहितीनिशी, त्या वेळी कुणी उभं केलं?

निनाद_के

हे पटलं. आपल्याकडचे प्रश्नही तेच. आरोपीला अपरात्री घटनास्थळी का नेलं? पिस्तूल हाताशी येईल असं का बसवलं? नव्या कायद्यात गंभीर गुन्ह्यांत बेडी घालायची मुभा आहे ना?

निवृत्त_फौजदार

आहे, ४३ च्याच तिसऱ्या पोटकलमात. पूर्वी १९८० च्या निकालापासून बेडीला न्यायालयाची परवानगी मागत बसावं लागे. त्यामुळे 'बेडी नव्हती म्हणून हिसकावलं' हे स्पष्टीकरण आता पूर्वीइतकं चालू नये. शिवाय आरोपीला नेणाऱ्या पथकात त्याच्या लगत बसणाऱ्याकडे पिस्तूल ठेवायचं नाही, पिस्तूलवाला पुढे किंवा दाराशी, हे आम्ही नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचो. आणि हिसकावल्यावर लॉक काढून, कॉक करून झाडायला सवय लागते. कधीच न हाताळलेल्याला ते झटापटीत जमतं का, हा प्रश्न चौकशी अधिकाऱ्याने विचारायलाच हवा.

हर्षल_नि

अपेक्षेपेक्षा बरंच मिळालं, आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. हक्क माझ्याइतकाच, हे समजलं. पण मी 'स्वसंरक्षण' म्हटलं तर मला अटक होते आणि कोर्टात सिद्ध करायला लागतं. पोलिसाने म्हटलं की बातमी तिथेच संपते. हा फरक कुठून येतो?

ॲड_वरदा

कलमातून नाही, कागदातून येतो. अपवादाचा फायदा घ्यायचा तर तो सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर आहे, साक्ष अधिनियमाचं कलम १०८. पोलिसालाही तेच लागू. फक्त त्यासाठी तो आधी आरोपी व्हायला हवा! प्रत्यक्षात चकमकीनंतर पहिला एफआयआर होतो तो मेलेल्या माणसावर, पोलिसांच्या खुनाचा प्रयत्न केला म्हणून. फिर्यादी पोलीस, आरोपी मयत. आरोपीच नाही म्हणून प्रकरण बंद. गोळी कुणी झाडली हे सगळ्यांना मान्य असतं, पण ती झाडणं कायदेशीर होतं का हे ठरवायची वेळ कुणावर येत नाही. त्यामुळे बातमी वाचताना एवढंच बघा: एफआयआर कुणावर आहे, आणि तपास त्याच ठाण्याकडे आहे का दुसऱ्याकडे.

वर मंजुरीची भिंत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या २१८ मध्ये सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं, अशी सोय आली आहे. हा बदल चांगला आहे.

निवृत्त_फौजदार

ताई, इथे मात्र मतभेद. मंत्रालयात फाईल झोपली म्हणून बंदोबस्तात प्रामाणिकपणे गोळी झाडणाऱ्या फौजदारावर आपोआप खटला? निर्णय न घेणाऱ्याला काहीच नाही?

ॲड_वरदा

आपोआप शिक्षा नाही ना काका, खटलाच. सहाव्या पुंगळीची चौकशी व्हायलाच हवी असं तुम्हीच वर लिहिलंत.

निवृत्त_फौजदार

चौकशी वेगळी, पिंजरा वेगळा. उद्या सविस्तर लिहितो, आता डोळे मिटतायत.

बंडोपंत

काकांचा प्रतिसाद येईपर्यंत, चुलत्यांचा निरोप आलाय. मृत्युपत्र खरं आहे म्हणतात.